सुट्टी गावाच्या कामी
(कडोली येथे युवकांपुढे केलेले भाषण)



उन्हाळी सुट्टीत कंपनीत प्रशिक्षण घेतले की प्रमाणपत्र मिळते. ते जरूर घ्यावे. पण एखादा मे महिना गावाला द्यायला काय हरकत आहे? डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ उभी केली, २००६ पासून ‘निर्माण’मधून तरुण घडवायला घेतले. तिथे रुग्णालय कसे हवे हे आधी आदिवासींना विचारले. म्हणून ते त्यांच्या घरांसारखे झाले, नाव दंतेश्वरी देवीचे लागले.

आम्ही नेमके उलटे केले. गेल्या सुट्टीत सकाळी नऊला वाचनवर्ग ठेवला. पोरे आलीच नाहीत. ती आई-वडिलांबरोबर शिवारात. विचारलेच नव्हते ना कुणाला! मग वर्ग रात्री देवळात नेला. तर पोरांआधी बायाच आल्या, हातात जमिनीचे कन्नड उतारे घेऊन. “एवढं वाचून सांगा,” म्हणाल्या. कागदपत्रे मराठीत मिळावीत ही आपली मागणी आहेच. पण त्या रात्री उतारा वाचता येणारे आमच्यात दोघेच निघाले.

यंदा कन्नड नीट वाचणारी आणखी चार मुले हवीत. नावे आजच द्या.