जुना लॅपटॉप, हलकी प्रणाली

कपाटावर धूळ खात पडलेला दहा-बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप भंगारात देण्याची घाई करू नका. बहुतेकदा यंत्र धडधाकट असतं, त्याच्यावरचं ओझं तेवढं वाढलेलं असतं. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि कितीतरी चांगली यंत्रं विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. त्यांच्यासाठी लिनक्स आहे, तेही फुकट. लिनक्स मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीला 2 जीबी रॅमही चालते. 4 असली तर उत्तम. त्याहून जुन्या यंत्राला पपी लिनक्स. 2003 मध्ये बॅरी कॉलर यांनी सुरू केलेली ही प्रणाली अख्खी रॅममध्ये जाऊन बसते, म्हणून संथ हार्ड डिस्कची वाट पाहावी लागत नाही.

आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा. वायफाय जोडलं जातंय का, आवाज येतोय का, मराठीच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ‘ळ’ नीट उमटतोय का? पसंत पडलं तरच डिस्कवर बसवा, आणि त्याआधी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. बसवताना डिस्क पुसली जाऊ शकते. जमलं तर जुनी डिस्क काढून एसएसडी घाला. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो.