भाताच्या मुळांचा कोन

भाताचा नवा वाण पारखताना फुटवे मोजतात, लोंबीतले दाणे मोजतात, उंचीची नोंद ठेवतात. मुळांकडे पाहणारा विरळाच. रोप उपटले तरी हाती येतात ती तुटकी मुळे. मातीत ती कोणत्या कोनाने उतरली होती, हे कळायला मार्ग उरत नाही.

तो कोन किती मोलाचा असतो, हे जपानमधील त्सुकुबाचे संशोधक युसाकु उगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. त्यांनी दोन वाण घेतले. पहिला आयआर-६४, फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा आणि भारतासह आशियाभर पसरलेला. त्याची मुळे वरच्या थरातच पसरतात. दुसरा किनान्दांग पातोंग, फिलिपिन्समधलाच वरकस जमिनीचा जुना वाण. त्याची मुळे खोल जातात. फरक मोजायची युक्ती साधी होती. जाळीदार टोपलीत भात वाढवायचा आणि किती मुळे बुडातून बाहेर पडली, किती बाजूंनी, ते मोजायचे. या मोजणीच्या आधारे शोध नवव्या गुणसूत्रावरील ‘ड्रो-१’ या जनुकापर्यंत पोहोचला. आयआर-६४ मध्ये या जनुकातले एकच अक्षर गळालेले आहे. तेवढ्याने त्याचे प्रथिन अपुरे राहते.

हे जनुक ऑक्सिन या संप्रेरकाच्या हुकमात चालते. मुळाच्या टोपीतील पेशींत स्टार्चचे जड कण असतात. मूळ आडवे झाले की हे कण खालच्या अंगाला बसतात आणि ऑक्सिनही तिकडे जास्त जमते. खोडात ऑक्सिन वाढीला जोर देते. मुळात मात्र जास्त ऑक्सिन पेशींची लांबी रोखते. ड्रो-१ लाही ते दाबते. त्यामुळे वरच्या अंगाच्या पेशी अधिक लांबतात आणि मूळ खाली वळते.

किनान्दांग पातोंगचे हे जनुक संकराने आयआर-६४ मध्ये आणले गेले आणि दुष्काळी ताणाखाली चाचण्या झाल्या. मध्यम ताणात मूळ आयआर-६४ चे उत्पादन निम्म्याहून खाली घसरले, खोल मुळांच्या वाणाचे जवळजवळ टिकले. ताण कडक झाला तेव्हा पहिल्याच्या हाती जवळपास काहीच लागले नाही, दुसऱ्याने तरीही दाणा दिला. पावसाने ओढ दिली की कोकणातला किंवा गोंदिया-भंडाऱ्यातला कोरडवाहू धान कसा करपतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या फरकाची किंमत वेगळी सांगायला नको.

म्हणून प्रत्येक वाणाची मुळे खोल न्यावीत काय? तसे करणे चुकीचे ठरेल. स्फुरद बहुधा वरच्या थरातच असते. पूर्व भारत-बांगलादेशाकडच्या ऑस गटातील कासालाथ या वाणात २०१२ मध्ये सापडलेले ‘पीस्टॉल-१’ जनुक कोवळ्या रोपाची मुळे जोमाने वाढवते आणि कमी स्फुरदाच्या जमिनीतही पीक उभे ठेवते. गंमत म्हणजे आयआर-६४ मध्ये हे जनुक नाहीच.

खाऱ्या खाचरांत तर मुळे उथळ असलेलीच बरी, कारण तिथल्या खोल मातीत प्राणवायूची टंचाई असते. उगा यांच्या गटाने २०२० मध्ये ड्रो-१ चे भावंड असलेले ‘क्यूसॉर-१’ जनुक ओळखले. त्याचे निकामी रूप इंडोनेशियातील एका वाणातून आले. ते असलेल्या रोपांची मुळे पृष्ठभागालगत पसरली आणि खाऱ्या शेतात त्यांनीच जास्त धान्य दिले.