मुळांवरच्या गाठी : मित्र कोणती, शत्रू कोणती?



टोमॅटोची लागण होऊन महिना-दीड महिना झालेला असतो. पाणी वेळेवर, खतही दिलेलं. तरी शेतात ठिकठिकाणी झाडं पिवळट आणि खुजी दिसतात. दुपारी माना टाकतात, संध्याकाळी पुन्हा सावरतात. आपण म्हणतो, खत कमी पडलं, आणि आणखी युरिया टाकतो. पैसा जातो, झाड मात्र सुधारत नाही. अशा वेळी एक झाड हलक्या हातानं खणून काढा, मुळं धुऊन पाहा. मुळं मण्यांच्या माळेसारखी गाठाळलेली दिसली, तर दुखणं पानात नाही, मुळात आहे.

या गाठी होतात कशा, हे समजलं की उपायही पटेल.

झाड बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. मूळ लांब वाढतं ते टोकाशी. तिथल्या पेशी वाढतात आणि एकीच्या दोन होतात. भावाभावांत जमिनीची वाटणी झाली की प्रत्येकाला कमी येतं. पेशीचं तसं नाही. टोमॅटोच्या पेशीच्या केंद्रकात २४ गुणसूत्रं असतात. झाडाचा सातबाराच म्हणा ना! पेशी आधी त्या सगळ्याची पूर्ण नक्कल करते. मग दोन्हीकडं चोवीस-चोवीस गुणसूत्रं जातात आणि शेवटी मधे भिंत, म्हणजे बांध, पडतो.

हे काम मनमानी चालत नाही. पेशी पुरेशी वाढली का, नक्कल पुरी झाली का, हे तपासल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. ही तपासणी पेशीतली काही प्रथिनं करतात. ती शोधून काढल्याबद्दल हार्टवेल, हंट आणि नर्स या तीन शास्त्रज्ञांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळालं. यीस्ट असो, झाड असो की माणूस, मूळ पद्धत एकच.

आता मुळात येणारे दोन पाहुणे बघा.

पहिला रायझोबियम जिवाणू. तो हरभऱ्याच्या मुळात शिरतो. त्याच्या इशाऱ्यानं मुळातल्या पेशी विभागू लागतात आणि गाठीचं छोटं घर तयार होतं. झाड त्याला साखर देतं, तो हवेतला नत्र झाडाला देतो. किती गाठी होऊ द्यायच्या, हे झाड स्वतः ठरवतं. जमिनीत नत्र भरपूर असला तर गाठी कमी धरतात. म्हणून हरभऱ्याला वारेमाप युरिया देऊ नये.

दुसरा पाहुणा सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारी ही अळी मुळाच्या टोकाजवळ शिरते आणि सुईसारख्या तोंडानं काही पेशींत लाळ सोडते. मग तिथलं वेळापत्रकच बिघडतं. केंद्रकाच्या वाटण्या होत राहतात, पण बांध पडत नाही! एकाच पेशीत अनेक केंद्रकं साठतात, पेशी फुगून राक्षसी होते आणि कृमी बसल्या जागी तिच्यातला रस पितो. शेजारच्या पेशीही वाढून गाठ होते. पाणी वर नेणाऱ्या नळ्या वेड्यावाकड्या होतात, म्हणून झाड दुपारी मान टाकतं. एक मादी काही शे अंडी घालते आणि उबदार हवेत महिनाभरात पुढची पिढी तयार होते.

ओळखायचं कसं? मित्राची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, बोटानं सहज सुटते. कापली तर आत गुलाबी दिसते. शत्रूची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं. ती वेगळी काढता येत नाही, ओढली तर मूळ तुटतं. कडधान्यात दोन्ही असू शकतात, तेव्हा नीट पाहावं.

एकदा राक्षसी झालेली पेशी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. म्हणून खरा इलाज लागणीआधीच करायचा असतो :

१. उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन तापू द्यावी.
२. रोपवाटिकेचे वाफे ओलवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक कागद अंथरावा. कडा मातीनं दाबाव्यात. एप्रिल-मेमध्ये चार ते सहा आठवडे तसाच ठेवावा.
३. रोपं घेताना चार-दोन उपटून मुळं पाहावीत. गाठ दिसली तर ती रोपं शेतात आणू नयेत, मग ती फुकट मिळाली तरी!
४. टोमॅटोनंतर वांगी, मिरची, भेंडी, काकडी घेऊ नये. तृणधान्याची फेरपालट करावी, झेंडू लावावा.
५. लागणीआधी निंबोळी पेंड मातीत मिसळावी.
६. पीक निघाल्यावर गाठाळलेली मुळं वेचून जाळावीत. बांधावर टाकू नयेत. अवजारांची माती धुऊन मगच दुसऱ्या शेतात जावं.

आणि हरभऱ्याच्या बियाण्याला रायझोबियम संवर्धक चोळायला विसरू नका. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम पुरे. बियाणं सावलीत सुकवून लगेच पेरावं.

तेव्हा मंडळी, पान पिवळं दिसलं की युरियाच्या पोत्याकडं जाण्याआधी खुरपं हातात घ्या. आधी मूळ पाहा, मग खत.