परमुलखात आपले कोण?

(पाथर्डी येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



मोहटादेवीचा नवरात्रोत्सव आटोपला, दसरा झाला की आपल्या तालुक्यातील वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, पाठीशी लेकरे आणि डोक्यावर मुकादमाची उचल, एवढ्या शिदोरीवर ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. पुढचे पाच-सहा महिने फडाजवळच्या कोपीत संसार. तेथे कोणी आजारी पडले, एखादी बाळंतीण अडली, बैल दगावला, तर धावून येणारे कोण? बहुतेक वेळा उत्तर एकच असते : पुन्हा उचल, म्हणजे आणखी कर्ज.

गाव सोडावे लागलेल्या माणसांनी या प्रश्नाचे वेगळे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात शोधले होते. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली. पुढे कोकणातून आणि घाटावरून आलेल्या हजारो माणसांनी लालबाग-परळचे गिरणगाव वसवले. एकट्याच्या पगारात खोलीचे भाडे परवडत नसे. तेव्हा एका गावच्या मंडळींनी मिळून चाळीत एक खोली घ्यावी, ही रीत पडली. रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन निजे आणि दिवसपाळीचा कामावर जाई. जेवण खानावळीत; ती चालवणारी बाईही बहुधा गिरणगावातलीच. गावाकडून नवा तरुण आला, तर नोकरी लागेपर्यंत त्याची पथारी तेथेच पडे. आजाऱ्याला गावी पोहोचवणे, मयताचे अंत्यसंस्कार करणे, ही सर्वांची जबाबदारी.

या खोल्यांतूनच ग्रामस्थ मंडळे उभी राहिली. दरमहा ठरलेली वर्गणी, तिचा लेखी हिशेब आणि वर्षाकाठी सभा. त्या निधीतून गावच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, शाळेची खोली उठली. कोकणातील कितीतरी देवळांच्या भिंतींवर मुंबईकर मंडळींच्या देणगीच्या पाट्या आजही दिसतात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पगार थांबला तेव्हा अनेकांना गावानेच आसरा दिला. गावाशी नाते जपले होते, म्हणून परतीची वाट उघडी राहिली.

सातासमुद्रापार लिथुआनियन लोकांनी हेच केले. रशियाच्या झारने १८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षे त्यांच्या भाषेतील लॅटिन लिपीच्या छपाईवर बंदी घातली होती. पेनसिल्व्हेनियातील कोळसा खाणींत आणि शिकागोच्या कत्तलखान्यांत राबणाऱ्या त्यांच्या मजुरांनी परस्पर साहाय्याच्या संस्था काढल्या. १८८६ मध्ये त्यांची देशव्यापी संघटना झाली. सभासद दगावला, तर त्याच्या कुटुंबाला निधीतून मदत मिळे. मायदेशी जी छपाई गुन्हा होती, ती वृत्तपत्रे आणि पुस्तके अमेरिकेत खुलेपणाने निघत. मजुरांनी वर्गणीच्या डब्याबरोबर आपली भाषाही सांभाळली. १९९० मध्ये लिथुआनियाने पुन्हा स्वातंत्र्य जाहीर केले आणि १९९८ मध्ये अमेरिकेत दीर्घकाळ राहून परतलेले वाल्दास आदामकुस तेथील राष्ट्राध्यक्ष झाले.

मात्र इतिहास अर्धाच सांगून चालणार नाही. धर्मनिष्ठ आणि धर्मनिरपेक्ष अशा वादात त्यांची संघटना १९०१ मध्ये दुभंगली. आपल्या गिरणगावातील खोल्यांनाही जातीची कुंपणे होती. ज्याला त्या खोलीत जागा नव्हती, त्याला मुंबईत सारे परकेच होते. आपत्ती जात विचारून येत नाही; मग मदतीने ती का विचारावी? समरसता भाषणात नव्हे, अशा वेळी दिसते.

ऊसतोडणी कामगारांसाठी शासनाने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ स्थापन केले आहे. त्याचे लाभ कामगारांपर्यंत पोहोचवणे हे कार्यकर्त्याचे कामच आहे. परंतु रात्री-अपरात्री कोपीच्या दाराशी महामंडळ येत नाही. माणूस यावा लागतो. म्हणून प्रत्येक गावात निधी हवा. टोळ्या निघण्यापूर्वी कोण कोणत्या कारखान्यावर जात आहे, याची नोंद हवी. त्या कारखान्याच्या परिसरातील एका तरी कुटुंबाशी आधीच ओळख हवी. मागे राहणाऱ्या मुलांची शाळा सुटू नये, यासाठी हंगामी वसतिगृहाकडे गावाचे लक्ष हवे. आणि टोळ्या परतल्यावर ग्रामदैवताच्या यात्रेत, सर्वांसमक्ष, पैन् पैचा हिशेब वाचला जावा.

गिरणीतला मजूर श्रीमंत नव्हता, खाणीतलाही नव्हता. तरी त्यांनी हे उभे केले. पुढच्या दसऱ्याला गावातून पहिली गाडी हलेल, तेव्हा तिच्यातील माउलीच्या पदराला उचलीच्या गाठीबरोबर गावाच्या आधाराचीही एक गाठ असावी. ती बांधणे आपल्या हाती आहे.