अर्धं तिकीट आणि पॅन कार्ड

शिवलेला माल पोचवायला आम्ही दिंडोरीहून नाशिकला एसटीनं जातो. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पण राज्याच्या हद्दीपर्यंतच. गुजरातला निघालात, तर हद्दीपुढचं भाडं पूर्ण.

आता मजुरीचं. तुमच्या नावावरचं कंत्राटी कामाचं एक बिल ३०,००० च्या वर गेलं, की कंपनी टीडीएस कापते. पॅन दिलं तर शंभराला एक रुपया, नाही तर वीस! म्हणजे ५०,००० वर ५०० जातील की १०,०००, ते त्या एका कार्डावर ठरतं. पॅनवर कापलेले पैसे बुडत नाहीत. कर लागत नसेल, तर मुदतीत विवरणपत्र भरा, ते परत मिळतात. तेव्हा बिल देण्याआधी पॅन काढा, बायांनो. घाम आपला, पैसाही आपलाच राहू द्या.