तापीपलीकडची बाग

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मी रेल्वेत कारकून आहे आणि कविता करतो. पहिल्या गोष्टीचा पगार मिळतो आणि दुसरीची दाद. आमच्या घरात या दोन्हींचा हिशेब बायकोच ठेवते. गेली तीस वर्षे मी कविसंमेलनाला निघालो की इस्त्रीचा कुर्ता, पानाचा डबा आणि चष्म्याचं जादा घर पिशवीत घालून ती दारापर्यंत येते. पुढे काय होतं, ते तिने कधी पाहिलेलं नाही.

यंदा मुलगा पुण्याहून म्हणाला, "अब्बा, दोन दिवस अम्मीला घेऊन कुठेतरी जा. हॉटेलचं मी बघतो." मी महाबळेश्वर म्हणालो. ती म्हणाली, "बुऱ्हाणपूर."

मी हसलोच. आम्ही भुसावळचे. बुऱ्हाणपूर आम्हाला गाडीने तासाभराच्या अंतरावर. लोक तिथे लग्नाचा बस्ता बांधायला जातात. दोन दिवस राहायला कोण जातं? पण ती अडून बसली. "तुम्ही इतक्यांदा गेलात. काय आहे तिथे, मलाही दाखवा." मला वाटलं, नवऱ्याच्या कीर्तीचं गाव बघायची हौस असेल. माणूस कवी असला की असे गैरसमज फार लवकर होतात.

शनिवारी सकाळी निघालो. सावदा, निंभोरा, रावेर. रुळांच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी. बुऱ्हाणपूर आलं तरी केळीची बाग संपत नाही, फक्त राज्य बदलतं. तेही पाट्यांवर. उतरल्यावर रिक्षावाला माझ्याशी हिंदीत बोलला, पोलिसाशी निमाडीत आणि फोनवर आईशी चक्क आपल्या खानदेशी मराठीत.

हे गाव वसवलं फारुकी घराण्यातल्या नसीर खानाने. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावावरून तापीच्या या काठाला बुऱ्हाणपूर नाव पडलं आणि त्यांचे शिष्य झैनुद्दीन शिराझी यांच्या नावावरून पलीकडच्या काठाला झैनाबाद. गुरू एका काठावर, शिष्य दुसऱ्या, मधून नदी. दोघांच्या कबरी मात्र आपल्या महाराष्ट्रात, खुलताबादला आहेत. हे मी रिक्षात बसल्या बसल्या बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पुढे बघा, पिशवी पडेल."

गांधी चौकात जामा मशीद आहे. फारुकी राजा आदिलशहा म्हणजेच राजा अली खान याने बांधलेली. दोन उंच मिनार, पण घुमट नाही. कमानींची रांग अशी, की आत उभं राहिलं की आपोआप आवाज खाली येतो. जुहरची नमाज झाल्यावर मी पुढे जाऊन तो शिलालेख पुन्हा पाहिला. दर वेळी पाहतो. अरबी लेखाबरोबर तिथे संस्कृत लेख कोरलेला आहे. देवनागरीत, शके १५११, संवत १६४६. म्हणजे १५९० साल. सृष्टिकर्त्याला वंदन, राजाची वंशावळ आणि पंचांगाप्रमाणे तिथी. मशिदीत!

मला आयुष्यभर स्टेजवर, लग्नात, ऑफिसच्या चहाला लोक कौतुकाने विचारत आले आहेत, "तुम्ही मुसलमान असून मराठी इतकं शुद्ध कसं हो बोलता?" पूर्वी राग यायचा. आता मनातल्या मनात मी त्यांना बुऱ्हाणपूरचं तिकीट काढून देतो.

दुपारी शाही किल्ला. नदीच्या अगदी काठावर, आणि बराचसा पडलेला. हमामखान्याच्या छतावरची रंगीत वेलबुट्टी मात्र अजून शाबूत आहे. त्यातल्या एका चित्रावर बोट ठेवून गाइड सांगतात, की ताजमहालाची कल्पना इथूनच निघाली. ते जरा जपूनच ऐकावं. पण बादशहा शाहजहान इथे राहत होता आणि त्याची बेगम मुमताज महल इथेच, १६३१ च्या जून महिन्यात, बाळंतपणात वारली, ही गोष्ट खरी आहे. दख्खनच्या स्वारीसाठी छावणी इथे पडली होती. मुलखात दुष्काळ होता. बेगम अडतीस वर्षांची होती.

खूनी भंडारा बघायला गावाबाहेर जावं लागतं. खरं नाव कुंडी भंडारा असावं, असं म्हणतात. बादशहा जहांगीरच्या काळात, १६१५ च्या सुमाराला, अब्दुल रहीम खानेखानान इथे असताना हे काम झालं. सातपुड्यातून तापीकडे जमिनीच्या पोटातून झिरपत जाणारं पाणी एका इराणी जाणकाराने वाटेतच अडवलं आणि भुयारातून, नुसत्या उताराच्या बळावर, गावात आणलं. ना मोट, ना रहाट. वर शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी गोल तोंडं. हवा खेळावी आणि खाली उतरून साफसफाई करता यावी म्हणून. खालचं भुयार साधारण ऐंशी फुटांवर. हिचे गुडघे दुखतात, त्यामुळे उतरलो नाही. एका कुंडीच्या कठड्यावर ओणवं होऊन दोघांनी कान दिला. खाली पाणी चाललं होतं. चारशे वर्षे झाली त्याला.

"हे बांधलं तो रहीम म्हणजे दोहेवाला?" तिने विचारलं.

"तोच. सरदार होता आणि कवीही. दिल्लीत त्याने आपल्या बायकोसाठी मकबरा बांधला, ताजमहालाच्या कितीतरी आधी."

"तुम्ही लोक कबरीच बांधा," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

रात्री चौकात मावा जिलबी खाल्ली. आपल्या जिलबीसारखी पिवळीधमक नव्हे, काळपट तपकिरी, जाड, खव्याची. दोन खाल्ल्या की जेवणाची गरज उरत नाही. गल्लीगल्लीतून मागांचा खडखडाट ऐकू येत होता. इथलं तलम कापड कधीकाळी इराण-तुर्कस्तानापर्यंत जात असे. परतताना एका मैदानाशी ती थांबली. "संमेलन इथेच होतं का?" मी हो म्हणालो. कुठलं संमेलन, हे मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

ते आता सांगतो. साल १९९७. माझी एक कविता तेव्हा गाजत होती, मुमताजवर. जाईन तिथे तिची फर्माईश व्हायची. त्या रात्री याच मैदानावर कार्यक्रम होता. घरी बायकोला सातवा महिना लागला होता. दिवस अजून होते, म्हणून मी निघालो. संध्याकाळी तिच्या पोटात दुखू लागलं. तिच्या भावाने तिला दवाखान्यात नेलं. आमच्याकडे तेव्हा मोबाइल नव्हता, पण रेल्वेची लाइन होती. ऑफिसमधल्या मित्राने बुऱ्हाणपूर स्टेशनला निरोप दिला, तिथून एक माणूस मंडपात आला. मुलगी झाली होती. काही तास जगली. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो, तेव्हा माझा मेहुणा आणि मोहल्ल्यातली चार माणसं तिला दफन करून परतली होती. निरोप रात्री दोनला मिळाला, नंतर गाडी नव्हती, असं मी सगळ्यांना सांगितलं.

रविवारी सकाळी आम्ही पूल ओलांडून झैनाबादला गेलो. तिथे आहूखाना आहे. आहू म्हणजे हरीण. मोगलांची हरणांची बाग. आता हरणं नाहीत आणि बागही नाही. शेतांच्या मधे एक पडकी बारादरी, समोर महालाच्या भिंती, झाडोरा. रिक्षावाला म्हणाला, "साहेब, इथे काय बघणार? कबर तर आग्र्याला गेली." खरंच आहे. मुमताजला आधी झैनाबादच्या बागेत पुरलं. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, तिची शवपेटी आग्र्याला हलवली. बरोबर शहजादा शुजा होता आणि बेगमची विश्वासू सेविका सतीउन्निसा.

मी सवयीने बोलू लागलो. एकोणीस वर्षांचा संसार, चौदा बाळंतपणं, त्यातली सात मुलं जगली. मुमताजची कविता वाचण्याआधी मी हेच आकडे सांगतो. मंडप शांत होतो. बायको बारादरीच्या पायरीवर बसली होती. तिने विचारलं, "आणि ती?"

"कोण?"

"चौदावी. जिच्या वेळी आई गेली, ती."

श्रोतेहो, वीस-पंचवीस वर्षे मी ती कविता म्हणत आलो आहे. त्यात बादशहा आहे, संगमरवर आहे, यमुना आहे. ती मुलगी नाही. नशिबाने कुठेतरी वाचलेलं आठवलं. "गौहर आरा नाव ठेवलं होतं. जगली ती. पंचाहत्तर वर्षे जगली."

"बरं झालं," बायको म्हणाली. एखाद्या ओळखीच्या बाईची खुशाली कळावी, तशी.

मग बराच वेळ आम्ही बोललो नाही. समोर कुणाच्या तरी शेतात पाणी सोडलेलं होतं. बोलणारच असशील तर आता बोल, असं मला आतून वाटलं. आणि मी सांगितलं, की त्या रात्री चिठ्ठी माझ्या हाती आली तेव्हा मी माइकसमोर उभा होतो. कविसंमेलनात चिठ्ठी म्हणजे फर्माईश. मी न वाचता खिशात घातली आणि कविता सुरू ठेवली. टाळ्या झाल्या. ती झाली, आणखी दोन झाल्या. खाली उतरून, पान खाऊन, मग चिठ्ठी उघडली. निरोप दोनला आला नव्हता. बाराच्या आधी एक गाडी होती. ती मिळाली असती.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "चिठ्ठी कुर्त्याच्या खिशात होती. कुर्ता मीच धुते. तुमच्या रेल्वेच्या माणसांना वेळ घालायची सवय असते ना. वर लिहिलं होतं, बावीस चाळीस."

रेल्वेत बावीस चाळीस म्हणजे रात्रीचे दहा चाळीस. एवढी वर्षे तिला हे माहीत होतं. आणि प्रत्येक कार्यक्रमाला तिने कुर्त्याला इस्त्री करून दिली होती.

"कधी बोलली नाहीस," मी म्हणालो.

"तुम्ही बोलाल, असं वाटायचं." मग थोड्या वेळाने, "बादशहा निदान त्याच गावात होता."

या वाक्यावर मी आजवर कविता केलेली नाही. करणारही नाही.

उठताना गुडघ्यावर हात ठेवून तिने विचारलं, "आपलीला कुठे ठेवलंय, ते तुम्हाला दाखवता येईल?" आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. तिने ती जागा कधीच पाहिलेली नव्हती. मी पाहिली होती, एकदाच, त्याच दिवशी संध्याकाळी. वीतभर मातीचा उंचवटा. पहिल्या पावसात तो बसला असणार. नंतर मी तिथे अनेक मयतींना गेलो, पण त्या बाजूला वळलो नाही. मला खरंच सांगता आलं नाही.

हॉटेलवर येऊन मेहुण्याला फोन लावला. त्याने का, कशाला, काही विचारलं नाही. "मागच्या भिंतीकडे. निंबाचं झाड आहे, त्याच्यापासून भिंतीकडे सात पावलं. मी मोजून ठेवली होती. तुम्ही विचाराल म्हणून."

पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर मी गेलो. बायको रिक्षात बसून फाटकाबाहेर थांबली. निंब तोडलेला होता, नुसता बुंधा राहिला होता. राखण करणाऱ्या म्हाताऱ्याने बुंध्यापासून माझ्याबरोबर सात पावलं टाकली. माझी पावलं आणि मेहुण्याची पावलं सारखी नसणार, म्हणून मी जरा अलीकडे-पलीकडेही पाणी शिंपडलं. फातेहा पढलो. बाहेर आलो तेव्हा तिने पदर सारखा केला आणि सरकून जागा दिली.

"सावली आहे का तिथे?"

"भिंतीची आहे. दुपारपर्यंत असते."

"मग ठीक," ती म्हणाली आणि रिक्षावाल्याला बाजारावरून घ्यायला सांगितलं. घरात मिरच्या संपल्या होत्या.