मावळचा आकडा कुठे आहे?



आपल्या बैठकांत एक वाक्य हमखास येतं: 'आपली मुलं शिकत नाहीत.' किती शिकत नाहीत, असं विचारलं की सगळे गप्प. आज त्या गप्प बसण्याबद्दलच बोलायचं आहे.

केंद्र सरकार अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण करतं. त्याच्या २०२१-२२च्या अहवालात देशातले ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी आहेत. त्यात मुस्लिम सुमारे २१ लाख, म्हणजे शंभरात पाचही नाहीत. २०११च्या जनगणनेत आपण शंभरात चौदा होतो. मधे २०२०-२१ला हा आकडा २१ लाखांवरून १९ लाखांवर घसरला होता. तेव्हा करोना होता, आणि माहिती भरण्याची पद्धतही त्याच वर्षी बदलली. म्हणून एका वर्षाचा आकडा उचलून भाषण ठोकू नये. पाच वर्षं शेजारी-शेजारी ठेवून बघावीत.

पण देशाच्या आकड्यात लोणावळ्याची, तळेगावची, वडगावची मुलगी दिसत नाही. तिची नोंद मात्र झालेली असते. सर्वेक्षणाचा फॉर्म प्रत्येक कॉलेजला भरावा लागतो आणि त्यात मुस्लिम मुलं किती, मुली किती, हेही विचारलेलं असतं. ही माहिती आपल्या गावातल्याच कॉलेजात आहे. अनुदानित कॉलेजकडे ती माहिती अधिकारात मागता येते. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, तेव्हा आवरतं घ्या. आपल्याला सगळा इतिहास सांगायची सवय आहे! कुणाचं नाव मागू नका, फक्त संख्या मागा. २०२१ला पहिल्या वर्षात किती होते आणि २०२३ला तिसऱ्या वर्षात किती उरले? प्रवेशच न घेणं आणि मधेच सोडणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. औषधही वेगळं लागतं.

सोडण्यामागे बऱ्याचदा फी असते. इंजिनिअरिंग, फार्मसीच्या खासगी कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण जाहीर करतं. एजंटला विचारण्याआधी ती बघा. एनआयआरएफ क्रमवारीत उतरणाऱ्या कॉलेजांच्या माहितीत पूर्ण फी परत मिळालेले विद्यार्थी किती आणि न मिळालेले किती, हेही असतं. जुलै २०२४च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या ओबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली आहे. बागवान, तांबोळी, मोमीन ओबीसीत येतात. किती घरांत दाखला काढलेला आहे?

संशोधनाचं थोडक्यात सांगतो. मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचं केंद्रानं डिसेंबर २०२२मध्ये संसदेत सांगितलं. आपल्या विद्यापीठात तिच्यावर किती जण पीएचडी करत होते, हाही एक वेगळा अर्ज होतो.

कोरे कागद आणि दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प मी आणले आहेत. भाषण इथंच थांबवतो, पहिला अर्ज लिहायला बसू.